पत्र्यावरचा दगड

२१ मार्च २०२४ च्या सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात जमीन हलली. ४.५ तीव्रतेचा धक्का, केंद्र कळमनुरी तालुक्यात. दहाएक मिनिटांनी दुसरा, ३.६ चा. हिंगोली, नांदेड, परभणीकडची माणसं लेकरं कडेवर घेऊन अंगणात आली, थोडा वेळ थांबली आणि चहा ठेवायला परत आत गेली. त्या दिवशी शेजारच्या नांदेडच्या प्रशासनानं लोकांना एक सूचना केली. घरावर पत्रे असतील तर त्यांवर ठेवलेले दगड खाली उतरवून ठेवा.

मराठवाड्यातली कुठलीही गरीब वस्ती पाहिलेल्या माणसाला हा दगड सांगावा लागत नाही. पत्रा नीट बसवायचा तर खाली सरळ वासे किंवा लोखंडी पाइप लागतात, हूक लागतात, मिस्त्रीची मजुरी लागते. ते जमत नाही तेव्हा वाकड्यातिकड्या बल्ल्यांवर पत्रा टाकतात आणि वर दगड, विटा, फाटका टायर, जे हाताला लागेल ते. वैशाखात वळीव सुटला की पत्रा उडतो आणि उडालेला पत्रा विळ्यासारखा कापतो. म्हणून दगड. पण भूकंपात तोच दगड झोपलेल्या माणसाच्या छातीवर येणार. दगड ठेवावा तर भूकंपाची भीती, काढावा तर वाऱ्याची.

आता याच घरी सर्वेक्षणाचा माणूस येतो. त्याच्या फॉर्मवर रकाना असतो, ‘छपराचा प्रकार’. तो लिहितो, पत्रा. गवताच्या किंवा पॉलिथिनच्या छपरापेक्षा पत्रा वरच्या पायरीवर, म्हणून गरिबीचे गुण कमी. दगडाला रकाना नाही. हूक मारून बसवलेला पत्रा आणि दगडाखाली दाबलेला पत्रा कागदावर सारखेच. गरिबी मोजण्याच्या दीडशे वर्षांच्या खटाटोपात हा दगड पुन्हापुन्हा निसटत आला आहे. तो कसा निसटतो, हे हिंगोलीसारख्या लहान शहरात मुंबईपेक्षा जास्त स्वच्छ दिसतं.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. नेमक्या त्याच दिवसापासून महाराष्ट्रात तीन रंगांची शिधापत्रिका लागू झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत असेल तर पिवळी, पंधरा हजार ते एक लाख असेल तर केशरी, त्याहून जास्त असेल तर पांढरी. जिल्हा आणि हे रंग जुळी भावंडं म्हणायची. त्यामुळे हिंगोलीच्या वस्त्यांत गरिबी रंगानं सांगितली जाते. ‘आमचं केशरी आहे’ एवढं म्हटलं की पुढचं समोरच्याला कळतं.

पंधरा हजारांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. पाच माणसांच्या घराला महिन्याला साडेबाराशे, माणशी अडीचशे, म्हणजे दिवसाला आठ रुपये. त्याच सुमारास, १९९९-२००० मध्ये, नियोजन आयोगाच्या मते शहरी महाराष्ट्राची दारिद्र्यरेषा दरडोई महिना सुमारे ५४० रुपये होती. पाच माणसांचे वर्षाचे ३२ हजारांवर जातात. एक मोजमाप खर्चाचं आणि दुसरं उत्पन्नाचं, तेव्हा तुलना काटेकोर नाही हे कबूल. तरी तफावत दुपटीची आहे. दिल्लीच्या हिशेबात ठार गरीब असलेलं घर मंत्रालयाच्या हिशेबात पिवळ्या कार्डाला अपात्र ठरत होतं.

पुढे अन्नसुरक्षा कायदा आला. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला आणि ‘प्राधान्य कुटुंब’ ठरवायला नवी मर्यादा आली: गावात ४४ हजार, शहरात ५९ हजार. ५९ हजारांना ३६५ नं भागलं की दिवसाचे १६२ रुपयेसुद्धा पुरे होत नाहीत, तेही सगळ्या घराचे. तीनशे रुपये रोजानं महिन्यातले वीसच दिवस काम मिळालेला मजूर वर्षाला ७२ हजार मिळवतो. नियम शब्दशः पाळला तर हा माणूस स्वस्त धान्याच्या बाहेर. मग काय होतं, ते तहसील कार्यालयाच्या आवारात फॉर्म भरून देणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. उत्पन्नाच्या दाखल्यावर जो आकडा येतो तो घराच्या कमाईवरून नाही, योजनेच्या मर्यादेवरून येतो. मर्यादा बदलली की राज्यभरातल्या गरिबांचं उत्पन्न एका रात्रीत बदलतं. याला मी गरिबांची लबाडी म्हणणार नाही. मोजपट्टीच इतकी आखूड असेल तर माणूस वाकूनच उभा राहणार.

शिवाय मर्यादेत बसलं तरी जागा हवी. कायद्याखाली महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातले ७६.३२ टक्के आणि शहरी भागातले ४५.३४ टक्के लोक घ्यायचे असं ठरलं आणि त्यावरून इष्टांक निघाला. पुरवठा खात्याचा हा शब्द आता वस्त्यांतही रुळला आहे. ‘इष्टांक भरला’ म्हणजे तुम्ही गरीब असाल, पण गरिबांची संख्या पूर्ण झाली. लोकसंख्या २०११ ची, माणसं आजची.

शेतकरी आत्महत्यांमुळे चर्चेत आलेल्या चौदा जिल्ह्यांत राज्यानं २०१५ पासून केशरी कार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही स्वस्त धान्य दिलं. २०२३ पासून त्याऐवजी रोख रक्कम खात्यात येते. हिंगोली त्या चौदांत आहे. पण अट सातबाऱ्याची. ज्यानं शेत विकून किंवा गमावून शहराची वाट धरली, त्याच्याकडे दाखवायला उतारा नाही. दोन एकर कोरडवाहूचा मालक संकटग्रस्त म्हणून मोजला गेला आणि त्याच्याच शेतात निंदायला जाणारी शहरातली बाई मोजली गेली नाही. केंद्राच्या रोजगार हमीचंही तेच झालं. २००६ मध्ये देशातल्या पहिल्या दोनशे मागास जिल्ह्यांत हिंगोली निवडला गेला, पण तो कायदा ग्रामीण कुटुंबांसाठी होता. हिंगोलीच्या नगर परिषदेच्या हद्दीत राहून वर्षभर शेतमजुरी करणारी माणसं कामानं खेड्यातली आणि पत्त्यानं शहरातली. जॉबकार्डाला कामाशी देणंघेणं नव्हतं, पत्त्याशी होतं.

झोपडपट्टी म्हणजे काय, हा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. २०११ च्या जनगणनेनं तीन प्रकार धरले: कायद्यानं घोषित केलेली, शासनानं नुसती मान्य केलेली, आणि प्रगणकांनी ओळखलेली. तिसऱ्या प्रकारासाठी किमान तीनशे वस्ती किंवा साठ-सत्तर घरं एकत्र हवीत. या व्याख्येनं महाराष्ट्रात १ कोटी १८ लाखांवर लोक झोपडपट्टीत निघाले, देशात सर्वांत जास्त. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाला मात्र वीस घरं पुरतात. प्रणब सेन समितीनं २०१० मध्ये वीस-पंचवीस घरांची शिफारस केली होती.

साठ आणि वीस यांत मुंबईला काय फरक पडतो? काहीच नाही. तिथे वस्त्या हजारांत असतात. फरक पडतो हिंगोलीला. २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, त्यातली शहरी जेमतेम १५ टक्के. हिंगोली शहर ८५ हजारांचं, त्याखालोखाल वसमत आणि कळमनुरी. अशा गावात गरीब घरं एका जागी शेकड्यांनी साचत नाहीत. नाल्याच्या काठानं पंधरा, रेल्वेच्या बाजूला पंचवीस, गायरानावर चाळीस, अशी ती विखरून असतात. साठाच्या चाळणीतून ही सगळी खाली गळतात. मग गावात झोपडपट्टी ‘कमी’ दिसते आणि पाणी, गटार, वीज यांचा झोपडपट्टीसाठीचा पैसाही त्या मानानंच येतो.

गरिबीला आकडा लावण्याचं काम आपल्याकडे पहिल्यांदा केलं दादाभाई नौरोजींनी. १८६७-६८ च्या भावांनी एका माणसाला जगायला वर्षाला किती लागेल, हे त्यांनी परदेशी जाणाऱ्या मजुरांसाठी सरकारनंच ठरवलेल्या शिध्यावरून काढलं. उत्तर आलं प्रांतागणिक १६ ते ३५ रुपये. सरासरी भारतीयाचं उत्पन्न त्यांच्या मते वीस रुपये. युक्ती बिनतोड होती: तुमच्याच डॉक्टरांनी ठरवलेला शिधा, तुमचेच भाव, आता सांगा माणसं जगतात कशी? तिथून पुढे शंभर वर्षं गरिबी म्हणजे पोट, हे समीकरण टिकलं.

ते पक्कं केलं पुण्यातल्या दोघांनी. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळवायला १९६०-६१ मध्ये किती खर्च येई, ते त्यांनी काढलं आणि निष्कर्ष मांडला की ग्रामीण भागातले सुमारे चाळीस टक्के व शहरातले सुमारे पन्नास टक्के लोक त्याखाली आहेत. आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले. मला त्यांचं दुसरं एक निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं: शहरातली गरिबी ही खेड्यातल्या गरिबीचंच ओसंडून आलेलं पाणी आहे. त्याच दांडेकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९८४ मध्ये मराठवाडा-विदर्भाचा अनुशेष मोजला आणि तो शब्द राजकारणाच्या तोंडी बसला. प्रदेशाची तूट आणि पोटाची तूट, दोन्ही एकाच माणसानं मोजल्या, हा योग मला विलक्षण वाटतो.

ओसंडण्याची ती प्रतिमा हिंगोलीला मात्र एक दुरुस्ती सुचवते. मुंबईत गेलेला शेतमजूर गिरणीकामगार झाला, नाक्यावरचा बिगारी झाला, शेताशी तुटला. हिंगोलीत आलेला मजूर तुटत नाही. सकाळी अ‍ॅपे रिक्षा भरून बायका निंदणीला, सोयाबीन काढणीला आसपासच्या शिवारात जातात आणि संध्याकाळी शहरातल्या पत्र्याखाली परततात. इथे पाणी ओसंडत नाही, रोज भरती-ओहोटी येते.

पुढची कहाणी समित्यांची आहे, ती भरभर सांगून टाकतो. १९७९ च्या अलघ गटानं गावासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक ठरवले. शहरात अंगमेहनत कमी, हा त्यामागचा विचार. हळदीचं पोतं पाठीवर घेणाऱ्या हमालाला तो कुणी समजावून सांगावा! लकडावाला समितीनं १९९३ मध्ये राज्याराज्यांचे भाव वेगळे धरले. सुरेश तेंडुलकर समितीनं २००९ मध्ये उष्मांकांचा नाद सोडला आणि शिक्षण, आरोग्य यांचा खर्च मिळवला. त्या रेषेवरून २०११ मध्ये शहरात दिवसाला ३२ रुपये पुरतात, असं प्रतिज्ञापत्र सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि देशभर गदारोळ उठला. २०११-१२ साठी तेंडुलकर रेषा शहरात महिना एक हजार रुपये होती. रंगराजन समितीनं २०१४ मध्ये ती १,४०७ वर नेली. समितीच्या नव्या रेषांनी देशातले गरीब २१.९ वरून २९.५ टक्के झाले. कुणाच्या ताटात काही बदललं नव्हतं.

या सगळ्या रेषा ज्या घरखर्चाच्या पाहणीवर उभ्या आहेत, ती नमुना पाहणी आहे. राज्यात किती टक्के गरीब ते ती सांगते. गल्लीतलं कुठलं घर गरीब, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी दारोदार जावं लागतं, आणि दारात उभं राहून ‘महिन्याला किती खर्च करता?’ विचारलं तर खरं उत्तर कुणी देत नाही, देता येतही नाही. म्हणून मग वस्तू मोजायच्या, घर पाहायचं.

शहरी गरिबांसाठी १९९७ मध्ये सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना आली. तिनं उत्पन्नाच्या जोडीला सात गोष्टी पाहिल्या: छप्पर, घरातली जमीन, पाणी, शौचालय, शिक्षण, कामाचा प्रकार आणि घरातल्या मुलांची स्थिती. त्या काळात ही यादी शहाणपणाची होती. पुढे २०१२ मध्ये हाशिम समितीनं तीन पायऱ्यांची चाळणी सुचवली. आधी सरळ वगळायची घरं: चार पक्क्या खोल्या, चारचाकी, एसी, इंटरनेटसह संगणक यांपैकी एक जरी असलं तरी बाहेर, किंवा फ्रिज, धुलाईयंत्र, दुचाकी, लँडलाइन फोन यांपैकी कुठलेही तीन. मग सरळ घ्यायची घरं: बेघर, कचरावेचक, भिकारी, घरकामगार वगैरे. उरलेल्यांना गुण. समितीनं राहण्याची, कामाची आणि सामाजिक अशी तीन प्रकारची असुरक्षितता वेगळी काढली, हे तिचं मोठं काम. पण वस्तूंच्या यादीचं एक दुखणं असतं, ती फार लवकर शिळी होते. लँडलाइन आता दुकानदाराकडेही सापडत नाही. दुचाकी दारात दिसते, पण ती फायनान्सवर घेतलेली असते आणि दोन हप्ते थकले की कंपनीची माणसं ती ओढून नेतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या झोपडपट्टीतल्या सुमारे सत्तर टक्के घरांत टीव्ही होता. म्हणून सत्तर टक्के सुखी म्हणायचे का? टीव्ही एकदाच घ्यावा लागतो. डाळ रोज घ्यावी लागते.

सध्या जे मोजमाप गाजतं आहे ते नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकाचं. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांचे बारा निकष: पोषण, बालमृत्यू, मातेची काळजी, शाळेची वर्षं, हजेरी, चुलीचं इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, मालमत्ता, बँक खातं. भारांकानं एक तृतीयांश उणीव निघाली की घर गरीब. या मापानं देशातली गरिबी २०१५-१६ मधल्या २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ वर आली आणि महाराष्ट्रात ७.८१ वर. जिल्ह्यांचे आकडे निघाले हा त्याचा खरा गुण. पहिल्या अहवालात नंदुरबारमध्ये ५२ टक्के लोक गरीब आढळले, ते राज्याच्या सरासरीत कधी दिसलं नसतं.

पण हिंगोलीच्या वस्तीसाठी हे भिंग किती जवळ जातं? निर्देशांकामागची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ७०७ जिल्ह्यांतल्या ६ लाख ३६ हजार घरांवर झाली, जिल्ह्याला सरासरी नऊशे घरं. हिंगोलीत शहरी हिस्सा पंधरा टक्के, म्हणजे दीडशेच्या आतच. त्यांतली चौथाई झोपडपट्टीतली धरली तरी हाती उरतात तीस-पस्तीस घरं, तीही तीन गावांत वाटलेली. एवढ्यावरून वस्तीबद्दल काही बोलणं म्हणजे एका शितावरून भाताची नाही, सगळ्या पंगतीची परीक्षा.

बरं, वस्तीतलं प्रत्येक घर मोजलं तरी दगडाचा प्रश्न राहतोच. त्यासाठी एक घर मनात उभं करू. घर काल्पनिक, आकडे हिशेबापुरते. नवरा हळदीच्या अडतीवर हमाली करतो, बायको शेतमजुरी, दोन लेकरं, म्हातारी आई. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीचा हळद बाजार राज्यात नावाजलेला. हंगामात या घराच्या दोन्ही हातांना काम असतं. समजा, हंगामाच्या चार महिन्यांत महिन्याला १६ हजार येतात. पेरणी, निंदणी, सोयाबीन काढणी, कापूस वेचणी अशा चार महिन्यांत नऊ हजार. उरलेल्या चार महिन्यांत पाचच हजार. पाऊस लागून राहतो, रिक्षा शिवारात जात नाही, गुत्तं मिळत नाही. वर्षाचे झाले १ लाख २० हजार, महिना सरासरी दहा हजार, माणशी दोन हजार.

शेजारच्या पाच माणसांच्या घरात एकजण दुकानात महिना दहा हजारांवर कामाला आहे. सरासरी तीच. समजा रेषा माणशी अठराशेची आहे, तर दोन्ही घरं गरिबीच्या बाहेर. पण पहिलं घर वर्षातले चार महिने माणशी हजार रुपयांवर, रेषेच्या जवळजवळ निम्म्यावर जगतं. मोजणारा हळदीच्या हंगामात आला तर त्याला खाऊनपिऊन सुखी घर दिसेल, श्रावणात आला तर कंगाल. दोन्ही नोंदी खऱ्या.

कर्जाचं गणित इथेच येऊन अडकतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला सूक्ष्म कर्ज देता येतं, आणि सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. चांगला नियम आहे. आपल्या घराचं सरासरी उत्पन्न दहा हजार, म्हणजे पाच हजारांचा हप्ता नियमात बसतो. पण पडत्या महिन्यात घरात येतातच पाच हजार. हप्ता गोळा करणारा ठरल्या दिवशी दारात असतो, गटातल्या बाकीच्या बायका थांबून राहतात, आणि त्या महिन्याचा किराणा मग हातउसन्या पैशांवर किंवा शेकडा पाचच्या सावकारीवर येतो. गंमत पाहा, एकाच घराला रेशनसाठी ५९ हजारांच्या आत राहायचं आहे, लाडकी बहीण योजनेला अडीच लाखांच्या आत, आणि कर्जासाठी तीन लाखांच्या. एका घराच्या या तीन उत्पन्नांपैकी खरं कुठलं, हे घरालाही सांगता येणार नाही.

गरिबी आणि असुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकानं १९८९ मध्ये ठासून मांडलं. गरिबी म्हणजे नसणं. असुरक्षितता म्हणजे धक्का बसला तर उघडं पडणं. आणि गंमत अशी की पहिली कमी करायला जावं तर दुसरी वाढू शकते: कर्ज काढून रिक्षा घेतली की उत्पन्न वाढतं आणि धोकाही. अनिरुद्ध कृष्णा यांनी राजस्थानात आणि इतरत्र हजारो घरांचा मागोवा घेतला. लोक गरिबीत का घसरले, याच्या कारणांत सगळ्यांत वर आजारपण आणि त्याचा खर्च निघाला. त्यांची पद्धत मला फार आवडते. गावालाच एकत्र बसवून विचारायचं: अगदी गरीब घराच्या हाती चार पैसे आले की आधी काय करतं? मग काय? पोटभर अन्न, मुलाची शाळा, अंगावर धड कपडे, थोडं देणं फेडणं, छप्पर दुरुस्त. पायऱ्या लोकांनीच सांगायच्या आणि कुठलं घर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुठल्या पायरीवर होतं, आज कुठे आहे, हेही त्यांनीच. त्यामुळे गरिबीचा नुसता फोटो मिळत नाही, घराची चाल दिसते. इंग्लंडातल्या यॉर्क शहरात सीबोम राउन्ट्री यांनी १८९९ च्या पाहणीतूनच दाखवलं होतं की एकच मजूर आयुष्यात वर-खाली होत राहतो: लहानपणी गरीब, कमावता झाला की बरा, पोरं झाली की पुन्हा गरीब, म्हातारपणी परत तिथेच.

कॅरोलिन मोझर यांनी नव्वदच्या दशकात लुसाका, मनिला, ग्वायाकिल आणि बुडापेस्ट इथल्या गरीब वस्त्या तपासल्या आणि प्रश्नच फिरवला: यांच्याकडे काय नाही हे सोडा, धक्का बसला तर वापरायला काय आहे ते विचारा. कामाचे हात, स्वतःचं घर, नातीगोती, शेजार. मोझरबाईंना हिंगोली ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्यांची यादी इथे सहज बसते. वस्तीतल्या किराणा दुकानदाराची उधारीची वही ही माझ्या मते कुठल्याही निर्देशांकापेक्षा धारदार मोजपट्टी आहे. कुणाला महिनाभर उधार द्यायचं, कुणाला आठ दिवस, कुणाला रोख आणल्याशिवाय पुडी द्यायची नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. मराठीत त्याला पत म्हणतात. ती उत्पन्नाच्या दाखल्यावर नसते आणि घरात टीव्ही आहे की नाही यावरही ठरत नाही. नवऱ्याचं दारूचं व्यसन, पोराची नोकरी, बायकोचा गटातला शब्द, मागल्या पोळ्याला उधारी कधी फेडली, सगळं तिच्यात मुरलेलं असतं.

मला वस्तीसाठी फॉर्म तयार करायला सांगितला तर उत्पन्नाचा रकाना मी काढून टाकीन. विचारीन की कमावता माणूस उद्यापासून तापानं पडला तर चूल किती दिवस चालेल. रात्री दोन हजार लागले तर कुणाचं दार वाजवाल, आणि मागल्या वेळी ते दार उघडलं होतं का? राहता त्या जागेचा कुठला कागद हातात आहे, नगर परिषदेची घरपट्टीची पावती, वीजबिल, की काहीच नाही? गेल्या वर्षभरात कुठल्या महिन्यात एक वेळचं जेवण कमी केलं, आणि कुणाचं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या बाईला एकटीला विचारल्याशिवाय खरं येत नाही. आणि हो, पत्र्यावर दगड आहे का? तो हूक मारून पक्का करायला किती खर्च येईल, आणि तेवढे पैसे गेल्या तीन वर्षांत कधी हाती आले होते का?

एक अडचण मात्र मलाही सोडवता आलेली नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता उचलतात आणि ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. ती परततात मार्च-एप्रिलला. जाहीर वेळापत्रकाप्रमाणे पुढच्या जनगणनेची शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. तेव्हा ही माणसं कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीतल्या पालावर मोजली जातील आणि हिंगोलीतल्या त्यांच्या घरावर पत्रा, पत्र्यावर दगड आणि दाराला कुलूप असेल. प्रगणक नोंद करील, घर बंद.

त्यानं पुढच्या घरी जाण्याआधी शेजारणीला एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं: किल्ली कुणाकडे ठेवून गेलेत, आणि म्हातारी कुठे आहे?